व्हय का न्हाय?

हरल्यावरसुद्धा जिंकल्यासारखं ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या प्रेसशॉपचे फोरमन होते. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना, आणि मी तिथे क्वालिटीत तपासनीस. ठोक्याठोक्याला पत्रा कापणाऱ्या प्रेस यंत्रांचं ते प्रेसशॉप आणि क्वालिटी यांच्यामध्ये एक भिंत आणि एक लोखंडी दार. दार लावलेलं असलं तरी फोरमनसाहेब पलीकडे कुणाला काय सांगताहेत ते मला शब्दन् शब्द कळायचं. कामगार त्यांना 'भोंगा' म्हणत. कारखान्याला खराखुरा भोंगाही होता, पण तो बिचारा दिवसातून तीनदाच वाजायचा.

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए क्वालिटी!" एवढंच. स्टोअर सांभाळणारा तो "ए स्टोअर!" आणि कँटीनवाला "ए चहा!" शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, हे मायक्रोमीटर लावायचे. पत्र्याची जाडी मोजायचं ते छोटं उपकरण त्यांच्या हातात असं बसायचं की समोर येईल ते मोजल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. माझ्या लग्नात भर पंगतीत त्यांनी पापडाची जाडी मोजली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "चार जागी मोजला, सगळीकडं सारखा! लाटणारी बाई एक नंबर हाय!" लाटणारी बाई म्हणजे माझी सासू. त्या दिवसापासून सासूबाईंनी या माणसाविरुद्ध कधी एक शब्द ऐकून घेतला नाही.

मूळचे ते सातारा जिल्ह्यातले, माणच्या बाजूचे. वीस वर्षं नवी मुंबईत काढूनही बोली तिकडचीच. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "व्हय का न्हाय? एकच सांग." माल तयार आहे का, तर व्हय का न्हाय. उद्या सुट्टी हवी का, तर व्हय का न्हाय. "साहेब, तसं बघितलं तर..." असं कुणी सुरू केलं की ते हात वर करायचे आणि तो माणूस गप्प व्हायचा.

लग्न मात्र चाळिशी आली तरी जमलं नव्हतं. चौदा मुली बघून झाल्या होत्या. मुलगी पोहे घेऊन आली की हे विचारणार, "शिक्षण किती झालं?" प्रश्न साधाच, पण असा यायचा की मुलीच्या हातातली बशी थरथरायची. चारपाच दिवसांनी निरोप यायचा, मुलगा तापट वाटतो. तापट ते अजिबात नव्हते. माझ्या बाळंतपणात रोज संध्याकाळी फोन करून "ए क्वालिटी, जेवलीस का?" असं ओरडून विचारणारा माणूस तापट कसला? पण सांगायचं कुणाला?

मग कुंग आली.

आमचं मोठं गिऱ्हाईक थायलंडचं. नवीन डायवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावर, निघणारा माल तपासायला त्यांनी आपली एक इन्स्पेक्टर तीन महिन्यांसाठी पाठवली. बारीक चणीची, तिशी ओलांडलेली, कायम हसतमुख. टेबल माझ्या शेजारचं. तिचं खरं नाव आगगाडीएवढं लांब, पण घरचं नाव कुंग. तिच्याकडे प्रत्येकाला असं घरचं छोटं नाव असतं म्हणे. अर्थ विचारला तर तिने फोनवर चित्र काढून दाखवलं. कोळंबी!

पहिला लॉट तिने तपासला तेव्हा फोरमनसाहेब समोर उभे होते. कुंग एकेक नग हातात घेत होती, अंगठा फिरवत होती आणि हसत होती. शेवटी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. हे हसले, "थँक्यू!" म्हणून गरजले आणि माल पॅकिंगला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खोक्यांवर लाल स्टिकर.

"ए क्वालिटी! ही बया काल हसत हुती! हसून रिजेक्ट करतंय का कुणी?"

कुंगने एक नग त्यांच्या हातात दिला आणि आतल्या कडेला बोट टेकवलं. तिथे केसाएवढी धार राहिली होती. यांनी मायक्रोमीटर काढला, मोजलं, फिरवून पुन्हा मोजलं. मग डाय उतरवली आणि दोन दिवस घासत बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वीस वर्षांत माझ्या डायची चूक कुणी काढली न्हवती." हे सांगतानाचा आवाज हरलेल्या माणसाचा नव्हता. कुस्ती मारून आलेल्या माणसाचा होता.

तिचे तीन महिने संपायला आठवडा उरला असताना त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. कुठे, तर तीन नंबरच्या प्रेसशेजारी, प्रेस चालू असताना. कुंग काहीतरी बोलली, हसली. यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी अख्ख्या शॉपला पेढे वाटले. मी तिला बाजूला घेतलं आणि आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"कुंग, तू हो म्हणालीस?"

"मी म्हणाले, मला विचार करायला वेळ द्या."

"अगं, मग हे पेढे?"

तिने एक उचलला, खाल्ला आणि म्हणाली, "छान आहेत."

तिने खरोखर विचार केला. सहा महिने. मायदेशी जाऊन परत आली, ती नोकरी सोडूनच. तिच्या वडिलांना हे लग्न मान्य नव्हतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी जावई पाहिला होता, म्हणजे मुख्यतः ऐकला होता. ज्या देशात आवाज चढवला की माणसाची पत जाते, तिथल्या त्या भातशेती करणाऱ्या म्हाताऱ्याला पडद्यावर एक ओरडणारा मिशीवाला दिसला. त्याने फोन लेकीच्या हातात परत दिला आणि पुन्हा कधी घेतला नाही. तरीही लग्न झालं, नोंदणी पद्धतीने. साक्षीदार म्हणून सही माझी.

कोपरखैरण्यात त्यांचं बिऱ्हाड आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं, त्यामुळे त्या संसाराची कुरकुर दोन्ही बाजूंनी माझ्याकडे यायची. एक साधी गोष्ट सांगते. यांना टेबलफॅनचं बटण पायाच्या अंगठ्याने दाबायची सवय. आपल्याकडे निम्मे लोक दाबतात. कुंगच्या दृष्टीने पाय ही माणसाची सर्वांत खालची जागा, पायाने वस्तू दाखवणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आणि डोकं सर्वांत वरचं, त्याला कुणी सहज हात लावायचा नसतो. हे तर खुशीत आले की "शाब्बास!" म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारायचे. ती हसायची, आत जायची आणि अर्धा तास बाहेर यायची नाही.

मग गावाहून त्यांची आई आली. आई माळकरी. सुनेच्या नावाचा अर्थ कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "आगं बया! माझ्या माळंला मासळी चालत न्हाय, आन घरात सूनच कोळंबी?" पण बाई मायाळू. सुनेला खाऊ घालायचं तिने मनावर घेतलं, आणि इथे खरी पंचाईत झाली. कुंगच्या घरी पोट भरलं की ताटात घासभर ठेवायचं, म्हणजे वाढणाऱ्याला कळतं. आईच्या घरी ताटात ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान. ती घास ठेवायची, आई म्हणायची, "टाकू नगं, संपीव." ती संपवायची, आणि ताट रिकामं दिसलं की आई आणखी एक भाकरी वाढायची. "खा की गं, चिमणीवानी काय खाती?" आठ दिवसांत कुंगला डॉक्टरकडे न्यावं लागलं.

तोवर ती मराठी शिकली होती, पण नाक्यावरच्या आगरी मासेवालीकडून. सासूला म्हणायची, "आये, मना पानी पायजे." सासू मला विचारायची, "ही कंची भाषा गं? थायलंडची?"

मी मधल्या मध्ये तज्ज्ञ होऊन बसले. फोनवर चार लेख वाचले आणि फोरमनसाहेबांना समजावलं, "साहेब, त्यांच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. हसल्या म्हणजे हो असं धरू नका. तुम्हीच ओळखायचं." इकडे कुंगला सांगितलं, "आमच्यात असंच मोठ्याने बोलतात. राग नसतो." दोघांनीही मान डोलावली. आपण दोन देश जोडतोय असं मला वाटायचं.

दीड वर्ष असंच गेलं. मग कुंगच्या धाकट्या भावाची दीक्षा ठरली. त्यांच्याकडे तरुण मुलगा पावसाळ्याचे तीन महिने तरी भिक्षू होतो. घराला त्याचं मोठं पुण्य असतं आणि बहीण हजर नसणं म्हणजे काहीच्या बाहीच. कुंगने नवऱ्याला सांगितलं, विमानाची तिकिटं काढायलाही सांगितलं. यांनी मान डोलावली. आणि त्याच आठवड्याची गावाकडच्या एका वास्तुशांतीची तिकिटं काढली. कुंगला ती तिकिटं दिसली तेव्हा तिकडचं विमान पकडायची वेळ निघून गेली होती. दीक्षा तिने फोनवर पाहिली, गावातल्या परक्या मांडवात उभी राहून.

परत आल्यावर ती नवऱ्याशी बोलेना. मला बोलावून घेतलं. पलंगावर बॅग उघडी होती.

"ताई, मी तीन वेळा बोलली. तीन. तो डोका हलवतो. मग करत नाय. आता मी जाते."

स्वयंपाकघरात फोरमनसाहेब आमच्याकडे पाठ करून चहा टाकत होते. त्यांचं म्हणणं एकच, "तिनं मला सांगितलंच न्हाय! एकदाबी न्हाय! मी काय खोटं बोलतोय व्हय?" आणि हा माणूस खोटं बोलत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. कुंगही बोलत नाही. मग?

कुंग दारात गेली आणि त्यांच्या पाठीला उद्देशून, तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी उद्या जाते."

त्यांनी चहात साखर टाकली. ढवळली. डबा बंद केला.

मी तिला हाताने थांबवलं, तिच्या जागी उभी राहिले आणि तिच्याच एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आजचा अख्खा लॉट रिजेक्ट झाला."

हे वाक्य ऐकून तो माणूस सरणावरून उठला असता. त्यांनी शांतपणे गाळणी शोधली.

कुंग माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. वीस वर्षं हे प्रेसच्या शेजारी उभे होते, कानात कापसाचा बोळाही न घालता. कारखान्यात दरवर्षी कान तपासणारे यायचे आणि दरवर्षी नेमकी त्याच दिवशी यांना डाय उतरवायची असायची. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते ओरडत होते. आणि एका शब्दाचं उत्तर ओठांवरून कळतं, म्हणून 'व्हय का न्हाय'. चौदा मुली तापट म्हणून नाकारून गेल्या तो हाच आवाज. आणि मी लेख वाचून सांगत बसले होते की थाई बायका नाही म्हणत नाहीत.

कुंगने जाणं तेवढ्यापुरतं पुढे ढकललं. त्यांना वाशीच्या दवाखान्यात न्यायला मला आठ दिवस लागले. "मला सगळं ऐकू येतं! लोकंच पुटपुटत्यात!" हे त्यांनी रिक्षात सांगितलं, जिन्यात सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. काचेच्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन चढवून बाईंनी हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. यांनी ठेक्यात दाबायला सुरुवात केली, प्रेस चालते तसं, एक, दोन, एक, दोन. बाई बाहेर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी अजून आवाज सोडलेलाच नाहीये."

दुसऱ्या खेपेला त्यांनी फसवलं नाही. बटण हातात धरून बसून राहिले. मशीनवर बाई एकेक आवाज सोडत होत्या आणि त्यांचा अंगठा हलत नव्हता. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. तो मला कधी विसरता येणार नाही. पहिल्यांदाच त्यांना स्वतःला कळत होतं की खोलीत काहीतरी चाललंय आणि ते आपल्यापर्यंत येत नाहीये.

पंधरवड्याने कानामागची यंत्रं आली. बाईंनी ती बसवली, चालू केली. फोरमनसाहेब दचकले. कागद सरकला तर कागदाकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. मग कुंगकडे वळले आणि सवयीने म्हणाले, "आता जाणार का ऱ्हाणार? व्हय का न्हाय?" स्वतःचाच आवाज कानात आदळला तसे ओशाळून थांबले.

कुंग म्हणाली, "मना नाय म्हायत." अगदी हळू.

"म्हाईत न्हाय?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही 'न्हाय' म्हणली, ए क्वालिटी. ऐकलंस का?" मग तिला विचारलं, "आदीबी म्हणायचीस?"

"रोज."

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती दोघं बसली. मी पलीकडे रिक्षा बघायच्या निमित्ताने उभी राहिले, पण ऐकू येत होतं. कुंग बोटांवर मोजत होती. भाकरीला मी नाही म्हणाले होते. डोक्याला हात लावू नका म्हणाले होते. पंख्याला पाय लावू नका म्हणाले होते. प्रेसच्या शेजारी तुम्ही लग्नाचं विचारलंत तेव्हा थांबा म्हणाले होते. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. दोन रिक्षा येऊन गेल्या. तिसरी आली तेव्हा कुंग उठली आणि त्यांच्याबरोबर घरी गेली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पायाचा अंगठा बटणाकडे जायचाच, आणि अर्ध्या वाटेत थांबायचा. पण दिवाळीच्या आधी आई पुन्हा आली होती. मीही जेवायला होते. फोरमनसाहेब बाहेर गॅलरीत मोबाइलवर बोलत होते. आईने कुंगच्या ताटात भाकरी टाकायला हात पुढे केला. कुंग म्हणाली, "आये, बास." आई म्हणाली, "खा गं." आणि गॅलरीतून आवाज आला, ओरडणारा नव्हे, साधा, तुमच्याआमच्यासारखा, "आई, ती बास म्हणली." आईचा हात वरच्या वर राहिला. कुंगने मान खाली घातली आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

तिच्या भावाचे तीन महिने संपत आले होते. पावसाळा संपला की तिकडे गाव मिळून भिक्षूंना चीवरं, म्हणजे त्यांची भगवी वस्त्रं, अर्पण करतो. त्याला दोघं गेली. पुढचं मी कुंगच्या चुलतभावाने काढलेल्या व्हिडिओत पाहिलं, कुंगकडून अर्थ समजून घेत, शंभर वेळा तरी.

मांडवात सगळे चटईवर बसले होते. फोरमनसाहेब पाय एका बाजूला दुमडून, तळवे कुणाकडे होणार नाहीत असे. गुडघे दुखत असणार, चेहऱ्यावर दिसतंच. समोर तिचे वडील, काळेसावळे, काटक, पांढरा सदरा. ते लेकीला काहीतरी विचारतात. कुंग मराठीत सांगते, "बाबा विचारतात, दोन वर्षं माज्या मुलीवर का ओरडला?"

माझा हा फोरमन, ज्याने कारखान्यात कुणाला कधी कळू दिलं नाही, कामगारांसमोर ती यंत्रं दिसू नयेत म्हणून केस वाढवले, त्याने दोन्ही कानांमागून यंत्रं काढली आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या ओंजळीत ठेवली. मग थाई भाषेत पाठ केलेलं एक वाक्य म्हणाले. "मला ऐकू येत नव्हतं, चूक माझी होती." यंत्रं नसल्यामुळे आवाजाचा अंदाज राहिला नाही, आणि ते वाक्य अख्ख्या गावाला ऐकू गेलं. मागे बसलेलं एक पोर दचकून आईला बिलगलं.

म्हाताऱ्याने ती यंत्रं उलटसुलट करून बघितली. परत दिली. यांनी कानाला लावेपर्यंत थांबला. मग वाकून, हळू विचारलं, "आता ऐकू येतं?"

"येतं," यांनी उत्तर दिलं. त्याच्याच भाषेत, त्याच्याएवढ्याच आवाजात.

म्हाताऱ्याने पांढरा दोरा घेतला आणि जावयाच्या मनगटाला बांधला. त्यांच्याकडे आपल्या माणसाला असा दोरा बांधून आशीर्वाद देतात. बापाने बांधला तसं सगळं गाव पुढे सरकलं. काका, शेजारी, शाळेच्या बाई. दोन्ही मनगटं कोपराकडे पांढरी होत गेली.

तो दोरा तीन दिवस काढायचा नसतो, आणि काढताना कापायचा नसतो, गाठ सोडवायची. एक दिवस प्रवासात गेला. उरलेल्या दोन दिवसांत फोरमनसाहेब पावण्याला आले खरे, पण प्रेसशॉपच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. मनगटाला काही बांधून प्रेसजवळ जायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. वीस वर्षांत ते कारखान्यात असूनही शॉपबाहेर बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. येणारा-जाणारा कामगार थांबून दोरे बघायचा, आणि कानामागे काय आहे तेही बघायचा. ते केस मागे सारून दाखवायचे. "कान तपासून घे," म्हणायचे. "बायको काय म्हणते ते कळंल."

त्यानंतरच्या सकाळी कुंग त्यांच्याबरोबर गेटवर आली. वॉचमनच्या केबिनमध्ये बसून तिने गाठी सोडवायला घेतल्या. हा काकाचा. हा शाळेच्या बाईंचा. हा भावाचा. ते हात पुढे करून बसले होते, प्रत्येक नावाला मान हलवत. शेवटी एकच उरला, सर्वांत जाड.

"हा बाबांचा," कुंग म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला. "ह्यो ऱ्हाऊ दे की."

"प्रेसवर चालत नाय." हे तिने क्वालिटीवाल्या आवाजात सांगितलं, आणि सोडवला. मग तो स्वतःच्या मनगटाला गुंडाळायला लागली. एका हाताने गाठ बसेना, तेव्हा त्यांनीच बांधून दिली, नीट, दोनदा ओढून बघून. हेल्मेट घातलं आणि आत गेले. मिनिटाभरात तीन नंबरच्या प्रेसचा पहिला ठोका पडला.

कुंग पर्स उचलून निघाली. वॉचमन उत्तरेकडचा, नवीनच आलेला. त्याने तिच्या हाताकडे बघून विचारलं, "भाभी, ये धागा कहाँ का है?"

कुंगने मनगट वर धरलं.

"माहेरचा," ती म्हणाली.